ओळखीचं गाणं, परका ठेका

वाचकांचे प्रश्न : कीबोर्ड

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. कीबोर्डात स्टाईल, म्हणजे तयार ठेके, दोनशे, पण आपलं गाणं त्यातल्या चार-पाचांवरच बसतं. उत्तरांमध्ये सा म्हणजे पांढरी एक, म्हणजेच सी, धरली आहे. अक्षराखाली टिंब असेल तो सूर मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला. ऽ म्हणजे आधीचा सूर लांबवायचा. कीबोर्डच्या मोजणीला ‘बीट’ म्हटलं आहे आणि तालाच्या मोजणीला ‘मात्रा’, कारण हे दोन्ही दर वेळी एक नसतात आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : वाढदिवसाचं ‘हॅपी बर्थडे’ वॉल्ट्झवर छान बसतं. केरव्यावर किंवा डिस्कोवर लावलं की पहिली ओळ बरी जाते, दुसरी घसरते, तिसरी आपोआप जुळते आणि चौथी पुन्हा घसरते. हात चुकतोय की मशीन? (सांगलीहून एक वाचक)

दोघंही बरोबर आहेत, हिशेब चुकतोय. हे गाणं तीन बीटचं आहे आणि डिस्को, केरवा चारचे. मूळ चाल अशी:

प़प़ | ध़ प़ सा | नी़ ऽ
प़प़ | ध़ प़ रे | सा ऽ
प़प़ | प ग सा | नी़ ध़
मम | ग सा रे | सा ऽ

‘हॅपी’चे दोन सूर मिळून एक बीट, आणि तो समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या बीटच्या, आधीचा. गाणं समेवर सुरू होत नाही. ‘बर्थ’ समेवर येतो. एका ओळीचे बीट सहा. आता मागे चारचा ठेका चालू ठेवून सहा-सहा मोजा. पहिल्या ओळीचा ‘बर्थ’ समेवर, दुसऱ्या ओळीचा सहा बीटनंतर, म्हणजे तिसऱ्या बीटवर. तिसऱ्या ओळीचा बारा बीटनंतर, आणि बाराला चारने भाग जातो म्हणून पुन्हा समेवर. चौथ्या ओळीचा परत तिसऱ्यावर. तुम्हाला जे ऐकू येतंय ते अगदी हेच. पूर्ण गाणं २४ बीटचं, त्यामुळे दुसऱ्यांदा सुरू केलं की सम पुन्हा सापडते आणि ‘मघाशी माझंच काहीतरी चुकलं’ असं वाटून जातं.

उपाय म्हणजे ओळ सहाची आठ करायची. कुठे ताणायचं ते ठरलेलं आहे:

‘हॅपी’ : एक बीट, तसाच ठेवा. तो चौथ्या बीटवर येईल.
‘बर्थ’ (ध़) : एक बीट.
‘डे’ (प़) : एक बीट.
‘टू’ (सा) : दोन बीट.
‘यू’ (नी़) : तीन बीट. चौथ्यावर पुढच्या ओळीचं ‘हॅपी’.

तिसऱ्या ओळीच्या शेवटी, जिथे वाढदिवस असलेल्याचं नाव येतं, तिथे नी़ एक बीट आणि ध़ दोन. चारही ओळी मिळून ३२ बीट होतात आणि प्रत्येक ‘बर्थ’ समेवर पडतो. काही जण ‘टू’ ताणण्याऐवजी ‘बर्थ’ दोन बीट करतात. तेही गणितात बसतं, पण मग शब्द ‘बऽऽर्थडे’ असा रेंगाळतो आणि पोरं आधीच पुढे गेलेली असतात. ‘टू’ ताणलेलं बरं.

कॉर्ड (डाव्या हाताने एकत्र दाबलेले सूर) बदलायच्या जागा ठेक्याबरोबर बदलत नाहीत, त्या शब्दाला बांधलेल्या आहेत. पहिल्या ‘बर्थ’ला सी, ‘यू’ला जी. दुसऱ्या ओळीत जी तसाच धरून ‘यू’ला सी. तिसरीत सी, आणि नावाला एफ. चौथीत ‘बर्थडे’ला सी, ‘टू’ला जी, ‘यू’ला सी. डावा हात किंचित आधी पडू द्या. कीबोर्ड कॉर्ड ओळखतो तो दाबलेल्या क्षणी, पण बास वाजतो समेवर. बोटं समेनंतर पाव बीट उशिरा पडली तर समेचा बास जुन्या कॉर्डचा निघतो आणि मग उडी मारून नव्यावर येतो. तीनही बोटं एकदम पडली पाहिजेत हेही आलंच. एकेक करून पडली तर मधल्या क्षणी कीबोर्ड भलताच कॉर्ड ओळखून मोकळा होतो.

केरव्याबद्दल एक सूचना. केरवा आठ मात्रांचा (धा गे ना ती, न क धी ना), पण कीबोर्डात तो चार बीटचा लिहिलेला असतो. एक बीट म्हणजे दोन मात्रा. डिस्प्लेवर ९० दिसत असेल तर मात्रा मिनिटाला १८० पडताहेत. तबलजीला ‘नव्वदचा केरवा’ सांगाल तर तो निम्म्या लयीत सुरू करेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

प्रश्न : दादरा आणि वॉल्ट्झ यात नक्की फरक काय? दोन्ही तीन-तीनचेच ना? (इचलकरंजी)

मोजायला तीन-तीन, ऐकायला नाही. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तिनातला पहिला बीट सारखाच जड असतो: बास, कॉर्ड, कॉर्ड. दादरा सहाचा आहे, धा धी ना, धा ती ना, आणि चौथी मात्रा ‘खाली’, ठेक्यातली हलकी जागा. म्हणजे दोन तिनांपैकी पहिला भरलेला, दुसरा हलका. वरचंच गाणं घ्या. दादऱ्यात एक ओळ म्हणजे बरोबर एक आवर्तन: ‘बर्थ’ समेवर, ‘यू’ खालीवर, ‘हॅपी’ सहाव्या मात्रेवर. चार ओळी, चार आवर्तनं. एकही सूर ताणावा लागत नाही. ‘यू’ हलका सोडा, दाबू नका. एवढ्यानेच तो वॉल्ट्झ न राहता दादरा वाटायला लागतो.

एक सापळा टेम्पोचा. सहाच्या स्टाईल काही यंत्रांत सहाही मात्रा मोजतात, काहींत तीन मात्रांचा एक बीट धरतात. त्यामुळे एका कीबोर्डवरचा १२० दुसऱ्यावर तिप्पट वेगाने धावू शकतो. आकडा लक्षात ठेवू नका. स्टाईल सुरू करून गाण्याची पहिली ओळ मनात म्हणा आणि टॅप टेम्पोने, म्हणजे बटण लयीत दाबून, लय लावा.

प्रश्न : मात्रा बसवल्या, कॉर्ड बरोबर आहेत, तरी स्विंग असो की बोसा नोव्हा, माझं गाणं सारखंच ऐकू येतं. फक्त मागचे ड्रम बदलतात. (ठाणे)

कारण उजवा हात बदललेला नाही. स्टाईलचं बटण ड्रम, बास आणि मागची साथ बदलतं. चाल तुम्ही वाजवता, आणि ती सगळीकडे एकसारख्या लांबीचे सूर ठेवून वाजवली तर ती सगळीकडे हार्मोनियमच्या वर्गातलीच राहणार.

‘हॅपी’चे दोन सूर घ्या. सगळी गंमत त्या एका बीटमध्ये आहे. मूळ गाण्यात पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण तीनास एक. स्विंगमध्ये ते प्रमाण दोनास एक करा, म्हणजे बीटचे तीन भाग करून पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एकाचा. मागची झांज याच प्रमाणात वाजत असते. तुम्ही तीनास एक वाजवलंत तर तुमचा दुसरा प़ झांजेच्या किंचित नंतर पडतो आणि वाजवणारा अडखळल्यासारखा वाटतो. लय फार वाढली की हे प्रमाण सरळ होत जातं, म्हणून शिकताना १२० ते १४० च्या दरम्यानच राहा.

बोसा नोव्हा ब्राझीलचा, १९५० च्या दशकाच्या अखेरचा. त्यात ते दोन सूर अगदी समान करा, अर्धा-अर्धा. झोका अजिबात नको. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ‘जॅझसारखं’ म्हटलं की हात आपोआप झुलायला लागतो. मग ‘यू’ समेवर न ठेवता अर्धा बीट आधी घ्या आणि तिथूनच ओढत न्या. स्टाईलची खरी ओळख त्या अर्ध्या बीटच्या घाईत आहे. टोन मऊ घ्या, नायलॉन गिटार किंवा बासरी. ट्रम्पेट नको.

बोसाला साधे सी-जी-एफ कोरडे वाटतात. चार बीटच्या मांडणीत हे वाजवून पाहा: पहिल्या ‘बर्थ’ला सी सिक्स, ‘यू’ला जी सेव्हन. दुसऱ्या ‘बर्थडे’ला डी मायनर सेव्हन, ‘टू’ला जी सेव्हन, ‘यू’ला सी सिक्स. तिसऱ्या ओळीत सी सेव्हन, नावाला एफ मेजर सेव्हन. चौथीत ‘बर्थडे’ला ए मायनर सेव्हन, ‘टू’ला जी सेव्हन, शेवटी सी सिक्स. सी मेजर सेव्हन मुद्दाम टाळला आहे. त्यात शुद्ध नी असतो, आणि चाल ‘सा’वर थांबते तिथे नी आणि सा एकमेकांना घासतात. नावाच्या पहिल्या सुराला, म्हणजे नी़ला, एफवर तसाच ताण आहे, पण तो लगेच ध़वर उतरतो, म्हणून गोड लागतो. तो सूर घाईने सोडू नका.

सी सिक्स आणि ए मायनर सेव्हन यांचे सूर तेच, सा ग प ध. बोटांवर चालणाऱ्या कॉर्ड पद्धतीत बहुतेक कीबोर्ड सर्वांत खालच्या सुरावरून निकाल देतात. खाली सा असेल तर सी सिक्स, खाली ध असेल तर ए मायनर सेव्हन. सोयीसाठी बोटं उलटीपालटी ठेवलीत तर बास बदलतो. इथे मूळ स्थितीतच कॉर्ड धरा.

रेगेत उलटं करायचं. जमैकाच्या या ठेक्यात ७०-८० च्या टेम्पोवर तुटक कॉर्ड प्रत्येक बीटच्या मध्यावर पडतो, बास ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर, आणि पहिला बीट जवळजवळ रिकामा असतो. तिथे तुम्ही ‘बर्थ’ दणकन आपटलात तर रेगे मेला. अर्धा बीट थांबून घ्या, आणि सूर आखूड ठेवा. काही कीबोर्ड याच स्टाईलला डिस्प्लेवर दुप्पट आकडा दाखवतात. ७५ ऐवजी १५० दिसलं तर घाबरू नका.

डिस्कोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चारही बीटवर बास ड्रम, ११० ते १२५ चा टेम्पो, सूर तुटक, जमलं तर सप्तकाच्या जोडीने. चालीत काही नाजूक ठेवायला जागाच नसते.

प्रश्न : मंद्र पंचम वाजवला की मागचा बास एकदम बदलतो. पांढरी एकमध्ये होत नाही, पण सा पांढरी सातवर, म्हणजे एक पट्टी खाली, घेतला की होतं. (नागपूर)

तुमची चाल कॉर्डच्या हद्दीत शिरते आहे. कीबोर्डचा डावा भाग कॉर्डसाठी राखलेला असतो, आणि ती सीमा म्हणजे स्प्लिट पॉइंट. यामाहाच्या छोट्या मॉडेलांत ती कारखान्यातून बहुधा ५४ क्रमांकाला, म्हणजे मध्य सी-च्या खालच्या एफ शार्पला, असते. ती पट्टी धरून डावीकडचं सगळं कॉर्डसाठी. वाढदिवसाच्या गाण्याचा प़, सा पांढरी एक असताना, बरोबर तिच्या शेजारची पहिली पट्टी आहे. म्हणून तिथे निभावतं. सा एक पट्टी खाली नेला की प़ सीमेवर आणि कीबोर्ड त्याला कॉर्ड समजतो.

तीन मार्ग आहेत. सीमा तीन-चार पट्ट्या डावीकडे न्या, पण मग डाव्या हाताला जागा कमी उरते आणि कॉर्ड गडद, चिखलासारखे वाजतात. किंवा चाल एक सप्तक वर वाजवा आणि उजव्या टोनचा ऑक्टेव्ह एकने खाली करा, म्हणजे आवाज तोच, बोटं सुरक्षित. हा मार्ग सगळ्यांत स्वच्छ. किंवा बोटं पांढरी एकमध्येच ठेवून ट्रान्सपोज वापरा: गायकाची काळी एक असेल तर अधिक एक, पांढरी दोनला अधिक दोन, पांढरी सातला उणे एक. ट्रान्सपोजने आवाज सरकतो, सीमा जागची हलत नाही. फक्त कार्यक्रमानंतर तो शून्यावर आणायचा विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी हार्मोनियमशी जुळवताना अर्धा तास जातो.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात भूप रागातलं एक भजन म्हणतात. कीबोर्डवर कॉर्ड धरले की भजन ‘सिनेमातलं’ वाटतं असं ज्येष्ठ म्हणतात. कॉर्ड धरूच नयेत का? (सातारा)

ज्येष्ठांचा कान बरोबर आहे. भूपात सा रे ग प ध एवढेच सूर. म आणि नी वर्ज्य. आता तुमचे तीन नेहमीचे कॉर्ड उघडून बघा. सी म्हणजे सा ग प, चालतो. एफ म्हणजे म ध सा, त्यात म आला. जी म्हणजे प नी रे, त्यात नी आला. गाणाऱ्याने जे दोन सूर कटाक्षाने टाळले तेच तुम्ही मागून घालताय, तेही सतत. राग तिथेच फुटतो.

धरायचे असतील तर हे धरा: सी, ए मायनर (ध सा ग), ए मायनर सेव्हन (ध सा ग प). जी-च्या जागी मधला सूर काढून नुसते प आणि रे, किंवा जी सस टू, म्हणजे प ध रे. एफ-च्या जागी डी सस फोर, म्हणजे रे प ध. यातला एकही सूर भूपाबाहेर जात नाही. दोन सुरांचा किंवा सस टू कॉर्ड तुमचा कीबोर्ड ओळखतो का ते माहितीपुस्तिकेतल्या कॉर्डच्या तक्त्यात बघून घ्या. ओळखत नसेल तर तो आधीचाच कॉर्ड चालू ठेवतो आणि तुम्हाला वाटतं आपण बदललाय.

आमचा सल्ला विचाराल तर भजनाला कॉर्ड बदलूच नका. कॉर्डची साथ बंद करा. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत ‘एसीएमपी’ बटण बंद केलं की नुसता ठेका उरतो. डाव्या हाताने सा-प धरा, टोन तानपुऱ्याचा किंवा मऊ स्ट्रिंगचा, आवाज उजव्याच्या निम्मा. भजनी ठेक्याला टाळ-मृदंग समोर असतील तर यंत्रातला ठेकाही बंद. माणूस लय चढवतो, यंत्र चढवत नाही, आणि तिसऱ्या कडव्याला दोघं वेगवेगळ्या गावी असतात.

प्रश्न : आनंदी गाणं उदास करून वाजवतात ते कसं? नुसते मायनर कॉर्ड धरले तर बेसूर होतं. (बेळगाव)

चाल शुद्ध ग-ची आणि कॉर्ड कोमल ग-चा असेल तर बेसूर होणारच. दोन्ही बदलायला हवेत. पुन्हा वाढदिवसाचंच गाणं घेऊ, २५ सुरांचं. त्यातले तीन ध़ आणि दोन ग कोमल करा, बाकी वीस तसेच. सी-चा सी मायनर करा, एफ-चा एफ मायनर, आणि जी मात्र जी सेव्हन. जी मायनर करू नका, कारण त्यात कोमल नी येतो आणि चालीत शुद्ध नी आहे. ग आणि ध कोमल, नी शुद्ध: हे सूर किरवाणी रागाचे. पाश्चात्त्यांचा हार्मोनिक मायनर हाच. नावाच्या जागी शुद्ध नी़वरून कोमल ध़वर उतरताना जी मोठी उडी पडते, तिथे ऐकणारे हसतात किंवा गप्प होतात. टेम्पो ७० च्या वर नेऊ नका.

आणखी पुढे जायचं तर भैरवी: रे आणि नीसुद्धा कोमल. मग पंचवीसातले नऊ सूर बदलतात आणि जी सेव्हन बाद होतो, कारण त्यातले नी आणि रे दोन्ही शुद्ध. त्याच्या जागी बी फ्लॅट मायनर धरा (कोमल नी, कोमल रे, म). पहिल्या ओळीच्या ‘यू’ला आणि दुसरीच्या ‘टू’ला तो बरोबर चालीच्या सुराखाली बसतो.

प्रश्न : सात मात्रांची स्टाईल माझ्या कीबोर्डात नाही. रूपकातलं गाणं कसं वाजवायचं? (रत्नागिरी)

बऱ्याच कीबोर्डांत ती नसतेच. मेट्रोनोमचा वरचा अंक मात्र बहुतेकांत बदलता येतो, तो सात करा. रेकॉर्डरच्या एका ट्रॅकवर ड्रम किटने किंवा तबल्याच्या टोनने ती ती ना, धी ना, धी ना अशी चार आवर्तनं भरा आणि तीच पुन्हा पुन्हा वाजवा. तीन, दोन, दोन अशी पाडणी ऐकू आली पाहिजे: चौथ्या आणि सहाव्या मात्रेला वजन, पहिल्याला नाही. मेट्रोनोमची घंटा मात्र पहिल्या मात्रेवर वाजते आणि रूपकाची सम खालीवर असते, म्हणजे जिथे ठेका हलका हवा नेमकी तिथेच टिंग ऐकू येते. घंटेचा आवाज बंद करता येत असेल तर करा. चारच्या स्टाईलवर ओढून-ताणून रूपक बसवू नका. एक मात्रा वाढवावी लागते आणि गाण्याचं लंगडत चालणं, जे त्याचं सौंदर्य आहे, तेच सरळ होतं.

प्रश्न : कीबोर्डवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सगळं पायऱ्यांसारखं वाजतं. लावणीचा नखरा कसा आणायचा? (पंढरपूर)

पिच बेंडच्या चाकाने, पण जपून. त्याची मर्यादा बहुतेक यंत्रांत कारखान्यातून दोन अर्धस्वर वर, दोन खाली अशी असते. म्हणजे रे ते ग किंवा प ते ध एवढीच मींड पूर्ण चाक फिरवून मिळते. खालचा सूर दाबायचा, चाक पूर्ण वर न्यायचं, आणि वरच्या सुराची पट्टी दाबण्याच्या क्षणी चाक सोडायचं. उशीर झाला तर वरचा सूर आणखी दोन अर्धस्वर वर किंचाळतो. हा सगळ्यांचा पहिला अपघात. चाकाला डावा हात लागतो, म्हणून तेव्हा कॉर्ड सुटतात. स्टाईल चालू असताना हात उचलला तरी बहुतेक कीबोर्ड शेवटचा कॉर्ड चालू ठेवतात, तेव्हा मींड कॉर्ड न बदलणाऱ्या जागीच ठेवा. टोन शहनाई, बासरी किंवा सारंगीचा. पियानोवर मींड विनोदी वाटते. लावणीला चाकापेक्षा खटके जास्त कामाला येतात: मुख्य सुराच्या आधी वरचा सूर अगदी निसटता, पाव बीटच्याही आत. ढोलकीचा ठेका असेल तर टेम्पो वाढवत नेण्यापेक्षा फिल-इन (ओळीच्या शेवटी ड्रमची छोटी भर) थोडे वापरा. दर ओळीला फिल-इन मारणाऱ्याचा लोकांना पाचव्या ओळीत कंटाळा येतो.

प्रश्न : इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एकच गाणं तीन ठेक्यांत सलग वाजवायचं आहे. मध्ये थांबावं लागतं आणि गाणारे गोंधळतात. (दुबई)

बहुतेक कीबोर्डांत स्टाईल चालू असताना दुसरी निवडली की ती पुढच्या आवर्तनापासून लागते, पण टेम्पो जुनाच राहतो. थांबून निवडली तर नव्या स्टाईलचा स्वतःचा टेम्पो येतो. म्हणून ७० च्या बॅलडवरून १२० च्या डिस्कोवर चालता चालता उडी मारली तर डिस्को ७० ने रांगतो. तिन्ही जोड्या आधीच रजिस्ट्रेशन मेमरीत भरून ठेवा: स्टाईल, टेम्पो, टोन, आवाज. तिनाच्या ठेक्यावरून चारच्या ठेक्यावर जाताना शेवटचा सूर धरून ठेवा, ठेका थांबवा, नवी मेमरी दाबा, सिंक स्टार्ट (पट्टी दाबताच ठेका सुरू होतो) लावा आणि चार बीट मोठ्याने मोजा. गाणाऱ्यांना ते चार बीट लागतात, तुम्हाला नाही. यंत्रातली इंट्रो वापरू नका. ती आठ-आठ आवर्तनं लांबते आणि गाण्याशी तिचा काही संबंध नसतो. केक समोर असताना तर नाहीच.

प्रश्न : असं बदललेलं गाणं यूट्यूबवर टाकलं तर चालतं का? (पुणे)

वाढदिवसाच्या गाण्याला अडचण नाही. त्याची चाल १८९३ मध्ये अमेरिकेतल्या हिल भगिनींच्या बालगीतांच्या पुस्तकात दुसऱ्या शब्दांसह छापली गेली. शब्दांवरचा प्रकाशकाचा दावा तिथल्या न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला आणि २०१६ पासून ते तिथे सगळ्यांना खुलं आहे. चित्रपटगीताचं तसं नाही. भारतात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि शब्दांवरचा गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. ठेका बदलला म्हणून चाल तुमची होत नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा मागे लावलात तर त्याचा हक्क आणखी वेगळा. तो अजिबात लावू नका, सगळं स्वतः वाजवा, आणि चॅनेलवर दावा आला तर जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जाऊ शकतात हे धरून चाला.